निसर्गात औषधं नसतात, हत्यारं असतात

रेणूवाला (धागाकर्ता)

शीर्षक मुद्दाम टोचणारं ठेवलंय. पण तुटून पडण्याआधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

मी औषधी रसायनशास्त्रात काम करतो. लग्नकार्यात कुणी भेटलं आणि मी काय करतो हे कळलं, की दोनांपैकी एक प्रश्न ठरलेला. एक: ‘सगळी औषधं शेवटी झाडपाल्यातूनच आली ना?’ दोन: ‘आता कॉम्प्युटरच रेणू शोधतो म्हणे, मग झाडांच्या मागे कशाला लागता?’ मी दोन्हींना नाही म्हणतो आणि दोन्ही वेळा समोरचा नाराज होऊन जेवणाच्या रांगेत जातो.

झाडाला पळून जाता येत नाही. अळी आली, बुरशी आली, गुरं आली तरी जागेवरच उभं राहायचं. म्हणून ते रसायनं बनवतं. बुरशीला शेजारच्या जिवाणूशी अन्नावरून भांडायचं असतं, म्हणून तीही बनवते. यातलं काहीही तुमच्या-माझ्या रक्तदाबासाठी बनलेलं नाही. मात्र कोट्यवधी वर्षं दुसऱ्याच्या पेशीत शिरून नेमकं प्रथिन पकडण्याची तालीम झालेले हे रेणू आहेत. कोऱ्या कागदावर आम्ही जे रेणू काढतो त्यांना ही तालीम नसते. त्यांची खरी किंमत इथे आहे.

पण हत्यार जसंच्या तसं औषध होत नाही. कॅम्प्टोथेसिनचं बघा. एका चिनी झाडाच्या सालीतून वॉल आणि वाणी यांच्या गटाने तो रेणू वेगळा केला, १९६६ साली प्रसिद्ध झाला. कॅन्सरच्या पेशी मारायचा यात वाद नव्हता. पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचं सोडियम क्षार करून १९७० च्या दशकात रुग्णांना दिलं, तर मूत्राशयातून रक्तस्राव सुरू झाला. चाचण्या थांबल्या, फाइल बंद. मग १९८५ मध्ये कळलं की हा रेणू डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ नावाच्या एन्झाइमला डीएनएवरच अडकवून ठेवतो. त्यानंतर लोक पुन्हा कामाला लागले आणि १९९६ मध्ये त्याची दोन सुधारित रूपं, टोपोटेकान आणि इरिनोटेकान, अमेरिकेत बाजारात आली. तीस वर्षं! सालीने आम्हाला औषध दिलं नाही. कुलूप कुठे आहे ते दाखवलं. किल्ली आम्हाला घासावी लागली.

आकडा हवा असेल तर न्यूमन आणि क्रॅग यांचा प्रसिद्ध तक्ता आहे. १९८१ ते २०१९ या काळात मान्यता मिळालेली १,८८१ नवी औषधं त्यांनी मोजली. निसर्गातून जशीच्या तशी आलेली चारेक टक्के. निसर्गातला रेणू घेऊन त्यात फेरफार केलेली सुमारे १९ टक्के. निसर्गाशी काहीच नातं नसलेली, निव्वळ कृत्रिम, २५ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यात लसी, जैविक औषधं आणि निसर्गातल्या रेणूची नक्कल करणारी कृत्रिम औषधं. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक हाच तक्ता नाचवतात, बेरीज फक्त आपापल्या सोयीने करतात.

तर माझं मत: निसर्ग हे औषधांचं दुकान नाही, ती खाण आहे. आणि १९९० च्या दशकात बड्या कंपन्यांनी खाणी बंद करून आपले नैसर्गिक रेणूंचे विभाग गुंडाळले, तो शुद्ध अडाणीपणा होता. या, भांडा.

कोपऱ्यातला

बसायला जागा धरून ठेवतो. वाचतोय.

वनस्पतीवेडी

शीर्षक वाचून चिडले, मजकूर वाचून थोडी कमी चिडले. पण तुमच्या गोष्टीतून एक पात्र पूर्ण गायब आहे, माणूस. झाड हत्यार बनवतं, मग थेट प्रयोगशाळाच उजाडते. मधली हजारो वर्षं ज्यांनी ती पानं चघळली, उकळली, कुणाला बरं वाटलं, कोण मेलं हे लक्षात ठेवलं, ते कुठे गेले?

हिवतापावरचं आर्टेमिसिनिन घ्या. हिवतापाच्या परजीवींवर क्लोरोक्विन चालेनासं झालं तेव्हा चीनमध्ये १९६७ साली ‘प्रकल्प ५२३’ सुरू झाला. तिथल्या शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला छिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी लागू पडायचा, कधी नाही. मग त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात एक ओळ सापडली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. उकळा असं नाही! त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेनेच गुण जात असणार. १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला आणि तो उंदरांमध्ये शंभर टक्के लागू पडला. २०१५ चं नोबेल त्याला मिळालं. ही किल्ली तुम्ही घासलीत का? कुणीतरी सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती.

आणि त्या रेणूत जो पेरॉक्साइडचा पूल आहे, दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून, तो पाहून कुठल्याही शहाण्या रसायनशास्त्रज्ञाने ‘हा टिकणारच नाही’ म्हणून कागद फाडला असता. परजीवीला मारतो तो नेमका तोच पूल.

रेणूवाला

@वनस्पतीवेडी, पेरॉक्साइडबद्दल शंभर टक्के मान्य. मीच फाडला असता.

पण त्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग तुम्ही गाळलात. तू यूयूंच्या गटाने दोन हजारांवर जुने पाठ चाळले आणि दोनेकशे वनस्पतींचे ३८० च्या आसपास अर्क तपासले. म्हणजे परंपरेने बोट दाखवलं खरं, पण शेकडो दिशांना एकदमच दाखवलं. त्यातली खरी दिशा उंदरांनी ठरवली. शिवाय आज रुग्णाला मिळतं ते बहुतेक वेळा आर्टेसुनेट किंवा आर्टेमेथर, म्हणजे फेरफार केलेलं रूप, आणि तेही दुसऱ्या औषधाच्या जोडीने.

उलटं उदाहरणही आहे. सदाफुली मधुमेहावर गुणकारी, असं अनेक देशांत मानत आले. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर यांनी तेच तपासायला उंदरांना तिचा अर्क दिला. साखर काही उतरली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने पटापट मेले. का? रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघालं, पाठोपाठ दुसऱ्या गटाकडून व्हिनक्रिस्टिन, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांचं चित्र पालटलं. परंपरा म्हणत होती मधुमेह, हाती लागलं कर्करोगाचं औषध. श्रेय द्यायचं ते झाडाकडे बोट दाखवण्याचं. का दाखवलं त्याचं नव्हे.

शून्य_एक

दोघेही जुन्या काळातच रमलाय. मी संगणकवाला, त्यामुळे आधीच शिव्या मिळणार हे गृहीत धरतो.

कर्करोगावरच्या टॅक्सॉलचं काय झालं आठवा. पॅसिफिक यू या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली, रेणूची रचना १९७१ मध्ये कळली, तो काम कसा करतो हे १९७९ मध्ये, औषधाला मान्यता १९९२ मध्ये. ते झाड वाढतं कासवाच्या गतीने आणि साल काढली की मरतं. रुग्ण वाचवायचे की जंगल, अशी निवड करायला लावणारा पुरवठा हा काय पुरवठा आहे? दुसरीकडे रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब बघा. बिघडलेलं प्रथिन माहीत, त्यावर बसणारा रेणू प्रयोगशाळेत घडवला, २००१ मध्ये मान्यता. ना साल, ना ग्रंथ.

आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने यंत्राला शिकवून हॅलिसिन शोधलं. आधी मधुमेहासाठी पाहिला गेलेला, बाजूला पडलेला रेणू जिवाणूंना मारतो हे मॉडेलने हेरलं, माणसाने नाही. अजून किती वर्षं मातीत हात घालणार?

बुरशीबाबा

मातीत हात घालणारा हजर आहे.

@शून्य_एक, प्रतिजैविकांच्या बाबतीत तुमचा प्रयोग होऊन गेलाय आणि तो सपशेल आपटलाय. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात जिवाणूंविरुद्ध तब्बल ७० चाळण्या लावल्या, म्हणजे ढिगाने रेणू एकदम तपासण्याच्या मोहिमा. जिनोम हातात, लाखो कृत्रिम रेणूंचा साठा हातात. पुढे नेण्याजोगे रेणू निघाले पाच. त्यांनी स्वतःच २००७ मध्ये हे प्रामाणिकपणे छापलं. कारण साधं आहे. एन्झाइम पकडणं सोपं, जिवाणूच्या भिंतीतून आत शिरून आत टिकणं अवघड. कृत्रिम साठ्यातले रेणू गोळीच्या रूपात माणसाच्या आतड्यातून शोषले जावेत या हिशेबाने जमवलेले. जिवाणूच्या भिंतीचं त्यांना काय माहीत?

सल्फा, क्विनोलोन, लिनेझोलिडचा वर्ग अशी मोजकी कृत्रिम घराणी सोडा. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, व्हँकोमायसिन, सगळी सूक्ष्मजीवांची देणगी. आणि हॅलिसिनचं म्हणाल तर त्या मॉडेलला शिकवायला जे रेणू वापरले त्यात झाडं, प्राणी आणि सूक्ष्मजीव यांच्याकडून आलेले ८०० रेणू होते. विद्यार्थ्याने बक्षीस मिळवलं म्हणून मास्तरांना घरी पाठवायचं का?

बाकी सगळे झाडांबद्दलच बोलताय हे बघून वाईट वाटलं. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांचा विचार बघा. काही सूक्ष्मजीवांना जगायला स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातीचे रेणू लागतात. मग त्यांच्याशी भांडणारी एखादी बुरशी स्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवणारं काहीतरी बनवत असेल. त्यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन सापडलं, पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या घराण्यातलं पहिलं. धागाकर्त्याचा ‘हत्यार’ सिद्धांत एंडो प्रत्यक्षात वापरून गेले.

आणि माझी आवडती गोष्ट. १९६४-६५ च्या मोहिमेत ईस्टर बेटावरची माती गोळा झाली. तिच्यातल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने रॅपामायसिन वेगळं केलं. बेटाचं मूळ नाव रापा नुई, त्यावरून रेणूचं नाव. कंपनीला रस उरला नाही, मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली. सेहगलांनी जिवाणूचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. काही वर्षांनी कंपनीची मालकी-व्यवस्था बदलली तेव्हा त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला. १९९९ मध्ये मान्यता, मूत्रपिंड प्रत्यारोपणात शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठी. एका माणसाचा हट्ट नसता तर हे औषध फ्रीज साफ करताना गेलं असतं.

शून्य_एक

छान गोष्टी आहेत. पण सगळ्या जिंकलेल्यांच्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५ हजार वनस्पतींचे १ लाख १४ हजार अर्क तपासले. ठळक हाती लागलं काय? टॅक्सॉल आणि वर धागाकर्त्याने सांगितलेलं कॅम्प्टोथेसिन. ग्लॅक्सोचे ७० पैकी पाच तुम्ही हसून सांगता, मग याला काय म्हणायचं?

मातीचंही तेच. मातीतल्या अ‍ॅक्टिनोमायसिट जिवाणूंपैकी शंभरातला एक स्ट्रेप्टोमायसिन बनवतो. म्हणजे पुन्हा पुन्हा तेच सापडणार. कंपन्यांनी विभाग बंद केले ते अडाणीपणाने नव्हे, त्याच त्या रेणूंना कंटाळून.

आणि एंडोंचं कॉम्पॅक्टिन बाजारात आलंच नाही. आज लोक घेतात त्यातलं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन पूर्ण कृत्रिम आहे.

रेणूवाला

@शून्य_एक, तेच ते रेणू सापडण्याचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्याचं कारण असं की प्रयोगशाळेच्या बशीत वाढायला तयार होणारे जिवाणू मोजकेच. मातीतले ९९ टक्के तिथे वाढतच नाहीत. २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन सापडलं ते याच अडचणीवर मात करून. बारीक खाचांच्या चकतीत एकेक जिवाणू कोंडला आणि ती चकती परत मातीतच पुरली. घरचं अन्न मिळालं, वाढले. खाण संपलेली नव्हती, आपलं फावडं आखूड होतं.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिनबद्दल: पूर्ण कृत्रिम, खरं. पण एन्झाइमच्या खोबणीत जो तुकडा बसतो तो त्या बुरशीच्या स्टॅटिनसारखाच आहे. बाकीचा सांगाडा बदलला. वर सांगितलेल्या तक्त्यात ‘नक्कल’ म्हणून जो गट आहे तो हाच.

टॅक्सॉलची कहाणी तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. साल तोडणं थांबलं ते युरोपियन यूच्या पानांमुळे. पानं पुन्हा फुटतात. त्यातून मिळणाऱ्या रेणूवर उरलेली जोडणी प्रयोगशाळेत करतात. १९९४ मध्ये दोन गटांनी टॅक्सॉल पूर्णपणे शून्यातून बनवून दाखवलं, रसायनशास्त्राचा तो एव्हरेस्ट होता. पण औषध म्हणून एकाही रुग्णासाठी तो मार्ग परवडणारा नव्हता.

गोळीवाला

मी औषधं विकतो, शोधत नाही. माझ्या खिडकीशी रोज एक वाक्य ऐकतो: ‘नैसर्गिक आहे, म्हणजे साइड इफेक्ट नाही.’ या धाग्याचं शीर्षक छापून तिथे लावावं म्हणतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका केंद्रात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. त्यात एका वनस्पतीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया वर्गातली दुसरी आली. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग. त्यातला अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल हा अस्सल नैसर्गिक रेणू. भेसळ नव्हे, प्रदूषण नव्हे.

प्रश्नचिन्ह

अवांतर: ते वजन कमी करायचं गाजलेलं इंजेक्शन, सेमाग्लुटाइड, सरड्याच्या विषापासून करतात हे खरं का?

रेणूवाला

@प्रश्नचिन्ह, नाही, पण अफवेला नातेवाईक आहे. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात एक्सेंडिन-४ सापडलं. आपल्या आतड्यात बनणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखंच काम करतं, पण ते काही मिनिटांत नाहीसं होतं, हे टिकतं. त्यावरून आलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी मान्य झालं. सेमाग्लुटाइड मात्र माणसाच्याच संप्रेरकात फेरफार करून बनवलंय. सरड्याने एवढंच दाखवलं की असा दीर्घकाळ टिकणारा रेणू उपयोगी पडतो. पुन्हा तेच, कुलूप.

सातवा_वॉर्ड

एरवी फक्त वाचते. सदाफुलीचं नाव आलं म्हणून लिहिते आहे.

माझ्या मुलीला चौथ्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. व्हिनक्रिस्टिनची सुई ठरलेल्या दिवशी. एका जवळच्या नातेवाईकांनी अगदी कळकळीने सुचवलं, ‘एवढं सलाइन कशाला, सदाफुलीच आहे ना ती, पानांचा रस दे.’ मी डॉक्टरांना विचारलं सुद्धा. हसू नका, त्या दिवसांत माणूस काहीही विचारतो. त्यांनी शांतपणे सांगितलं की एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनसाठी दोन हजार किलो सुकी पानं लागतात, आणि मुलांना एका वेळी दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. पानाच्या रसात औषध किती हे कुणालाच ठाऊक नसणार, पण झाडातली इतर डझनावारी अल्कलॉइडं, म्हणजे तीव्र असर करणारी रसायनं, मात्र पोटात जाणार.

मुलगी आता शाळेत जाते. त्या औषधाने पायाच्या नसांवर परिणाम झाला, पाऊल घासत चालायची, व्यायामाने बरंच सुधारलं. म्हणून ‘हत्यार’ हा शब्द मला खटकला नाही. रेणू झाडातून आला की संगणकातून, त्या वॉर्डात कुणी विचारत नाही.

वनस्पतीवेडी

@सातवा_वॉर्ड, लेकीला खूप आशीर्वाद. पानं चघळा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण @रेणूवाला, तुमचा ‘खाण’ हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. खाण म्हटली की मालक कोण हा प्रश्न येतोच. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यावर कंपनीने भरपूर कमावलं, त्या देशाला त्यातलं काय मिळालं? रॅपामायसिनच्या नावात बेट आहे, नफ्यात नाही. म्हणूनच २०१० मध्ये नागोया करार झाला आणि २०१४ पासून लागू आहे: वनस्पती वा ज्ञान घ्यायचं तर आधी परवानगी, नंतर वाटा. शास्त्रज्ञ मंडळी याला कागदपत्रांची कटकट म्हणतात हे मी कानांनी ऐकलंय.

शून्य_एक

आता तर वनस्पती न्यायचीही गरज नाही. जनुकांचा क्रम डेटाबेसमधून उतरवून घ्या, यीस्टमध्ये घाला, रेणू तयार. सीमा कुणीच ओलांडली नाही, मग वाटा कुणाला? २०२२ च्या जैवविविधता परिषदेत यासाठी निधी उभारायचं ठरलं, पण कंपन्यांनी त्यात पैसे टाकणं ऐच्छिक. इथे मी तुमच्या बाजूचा आहे.

मात्र तंत्र म्हणून यीस्टच जिंकणार. २०१३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ कीसलिंग यांच्या यीस्टने लिटरमागे २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल दिलं, त्यापासून आर्टेमिसिनिन. २०२२ मध्ये व्हिनब्लास्टिनचे मूळ घटकही यीस्टमध्ये बनले. शेत, ऋतू, साल, सगळं संपलं.

वनस्पतीवेडी

त्या आर्टेमिसिनिनच्या कारखान्याचं पुढे काय झालं तेही सांगा की. सॅनोफी या औषध कंपनीने उत्पादन सुरू केलं, तोवर शेतात पिकवलेल्या वनस्पतीचा भाव इतका उतरला की यीस्टचा माल महाग ठरला. कारखाना विकावा लागला.

शून्य_एक

हे माहीत नव्हतं. ‘जिंकणार’ऐवजी ‘कधीतरी जिंकेल’ असं वाचावं.

कोपऱ्यातला

धागाकर्ते, एवढं झाल्यावर शीर्षक बदलणार का?

रेणूवाला

शीर्षक राहू द्या, गोळीवाल्यांना छापून लावायचंय. पण मजकुरातला ‘खाण’ हा शब्द मागे घेतो. दुसरा सुचला तर कळवा. ‘शेत’ सुचवू नका, बुरशीबाबा रागावतील.